'एल' आणि 'बीअर': अनुवाद करताना अडले आहे, मदत हवी

रानजाई

नमस्कार मंडळी,

सध्या एका इंग्रजी लघुकादंबरीचा मराठी अनुवाद करते आहे. काळ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, जागा इंग्लंडमधला केंट परगणा. नायिका विधवा आहे, घरीच एल बनवून विकते. तिच्या शेजारी फ्लँडर्समधून (आजच्या बेल्जियमकडच्या भागातून) आलेलं एक फ्लेमिश कुटुंब राहायला येतं, ते बीअर बनवतं. या दोन घरांतलं वैर हेच कथानक.

पहिल्या खर्ड्यात मी दोन्हीकडे 'बीअर' लिहून पुढे गेले होते, कारण शब्दकोशात एल म्हणजे 'बीअरचा एक प्रकार' एवढंच सापडलं. तिसऱ्या प्रकरणात ती विधवा मुलीला बजावते, "मी जिवंत आहे तोवर या घरात बीअर शिरणार नाही." तिथे माझा सगळा खर्डा कोसळला. बीअरचाच एक प्रकार विकणारी बाई असं कशी म्हणेल?

तर प्रश्न असे: तेव्हाच्या माणसांच्या मनात या दोन शब्दांत नेमका फरक काय होता? हे शब्द आले कुठून? आणि मराठीत एलला काय म्हणावं? मी स्वतः यातलं काहीच पीत नाही, त्यामुळे चवीबद्दलही कुणी सांगितलं तर हवंच आहे.

सातूवाला

ताई, सोपं आहे. फरक यीस्टचा. एलचं यीस्ट उबेत काम करतं, साधारण १५ ते २४ अंश सेल्सियसला, आणि आंबताना फेसाबरोबर वर येतं. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं. बीअर हे दोघांचं मिळून नाव. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या लागर असतात. मी घरी दोन-तीनदा एल करून पाहिली आहे. फळासारखा वास येतो तो त्या यीस्टचाच.

जुनीपोथी

सातूवाला, तुमचं म्हणणं आजच्यापुरतं अगदी बरोबर आहे. पण रानजाईताईंच्या विधवेला ते लागू होत नाही. तिच्या काळात इंग्लंडमध्ये जे काही बनायचं ते सगळं वरच आंबायचं. तिच्या शेजाऱ्यांची बीअरसुद्धा. यीस्ट म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सेन यांनी यीस्टची शुद्ध एकपेशी वाढ केली ती १८८३ मध्ये. विधवेच्या काळचे लोक त्या फेसाला 'गॉडिसगुड' म्हणत, म्हणजे 'देव दयाळू आहे'. कुठून येतो कळत नाही, पण आला की काम होतं, म्हणून ते नाव.

तिच्या काळचा फरक एकाच गोष्टीचा होता: हॉप. हॉप हा वेल आहे. त्याची शंकूसारखी हिरवी फुलं उकळताना घातली की कडवटपणा येतो आणि पेय टिकतं. एल म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), पाणी आणि तो फेस, बस. बीअर म्हणजे माल्ट, पाणी, फेस आणि हॉप.

युरोपच्या मुख्य भूमीवर हॉप जुना होता. फ्रान्समधल्या कॉर्बीच्या मठाधिपतीने ८२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांत त्याचा उल्लेख आहे, आणि बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या विदुषी संन्यासिनीने लिहून ठेवलं आहे की हॉपच्या कडवटपणामुळे पेयं नासत नाहीत. इंग्लंडला मात्र हे सगळं उशिरा, १४०० च्या आसपास, फ्लँडर्सकडच्या लोकांबरोबर पोचलं. म्हणजे तुमच्या लेखिकेने काळ फार विचारपूर्वक निवडला आहे.

आता त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. तिची एल चार-सहा दिवसांत आंबट होते. म्हणून ती थोडी थोडी बनवते. तयार झाली की दाराबाहेर काठी उभारते, शेजारपाजारचे भांडी घेऊन येतात. हा धंदा गावोगावी बायकांच्या हातात होता, कारण तो चुलीपाशीच होत असे. शेजाऱ्यांची बीअर महिनोन् महिने टिकते. टिकते म्हणून मोठ्या पिंपांत भरता येते, गाडीत-जहाजात चढवता येते. त्यासाठी मोठी भांडी, भांडवल, नोकर लागतात. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत हा धंदा बायकांच्या हातून गेला, त्यामागचं हे एक मोठं कारण. तिचं ते वाक्य चवीबद्दल नाहीच. तिला तिची चूल जाताना दिसते आहे.

रानजाई

जुनीपोथी, शेवटचा परिच्छेद वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. पुढच्या प्रकरणात ती काठी येते! मी तिथे 'खांब' लिहिलं होतं आणि तो कशासाठी आहे हे मला कळलंच नव्हतं.

म्हणजे असं समजू का, की एल हा जुना इंग्रजी शब्द आणि बीअर हा हॉपबरोबर आलेला परका शब्द?

जुनीपोथी

पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. इथेच हा विषय मजेदार होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, दोन्ही शब्द आहेत: 'एआलु' आणि 'बेओर'. 'बेओवुल्फ' या काव्यात योद्धे एलच्या बाकांवर बसतात आणि ज्या दालनात बसतात त्याला बेओरचं दालन म्हटलं आहे. आता वाटेल की दोन्ही एकच. पण 'बाल्ड'च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजी वैद्यकाच्या पोथीत मापांची एक यादी आहे. तिच्यात म्हटलं आहे की एक पिंट एल एक पिंट पाण्यापेक्षा ६ पेनींनी (पेनी या नाण्याच्या वजनाने) जड असते आणि एक पिंट बेओर पाण्यापेक्षा २२ पेनींनी हलकी. एल जड असणं समजतं, त्यात न आंबलेली साखर आणि पिठूळपणा उरतो. पण बेओर पाण्याहून एवढी हलकी? आकडा शब्दशः खरा धरता येणार नाही, तरी त्या माणसाला ही दोन वेगळी पेयं आहेत हे पक्कं माहीत होतं. लॅटिनमधून अर्थ देतानाही एआलुसमोर धान्याच्या पेयाचं नाव येतं आणि बेओरसमोर मधाच्या गोड पेयांची. म्हणून ती जुनी बेओर फळांची किंवा मधाची, कडक आणि गोड अशी काही असावी, असं मत अभ्यासकांनी मांडलं आहे. मला ते पटतं.

नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत तर याहून सुंदर पुरावा आहे. 'आल्विसमाल' या काव्यात थॉर हा देव एका खुज्याला वस्तूंची नावं विचारत जातो: माणसं काय म्हणतात, देव काय म्हणतात, राक्षस काय म्हणतात. पेयाची पाळी येते तेव्हा तो सांगतो की माणसं त्याला 'ओल' म्हणतात आणि देव 'ब्योर' म्हणतात. रोजच्या तोंडातला शब्द ओल, काव्यातला भारदस्त शब्द ब्योर. आपल्याकडे 'पाणी' आणि 'जल' यांच्यात जे अंतर आहे तसंच काहीसं.

मग इंग्लंडवर नॉर्मन आले आणि बेओर हा शब्द इंग्रजीतून जवळजवळ दिसेनासा झाला. तीनेकशे वर्षं सगळीकडे एलच. १२६६-६७ च्या सुमाराचा जो कायदा पाव आणि पेयाचे भाव ठरवतो, तोही पाव आणि एलचाच. एलची पारख करायला गावोगावी माणसं नेमलेली असत. शेक्सपिअरच्या वडिलांकडे १५५६ मध्ये स्ट्रॅटफर्डला हेच काम होतं.

आणि १४०० च्या सुमारास बीअर हा शब्द फ्लेमिश-डच लोकांच्या तोंडून, हॉपचा वास घेऊन परत आला. माहेरचाच शब्द, पण इतक्या वर्षांनी आला की घरच्यांनी ओळखला नाही.

ओंजळ

शेवटचं वाक्य फार आवडलं. वाचनखूण साठवली आहे. पण मुळात हे दोन शब्द आले कुठून, ते राहिलं की.

जुनीपोथी

लिहितो, ओंजळ. एलचं कूळ मोठं आहे. डॅनिश-नॉर्वेजियन-स्वीडिश 'ओल', लिथुआनियन आणि लाटव्हियन 'आलुस', फिनिश 'ओलुत', एस्टोनियन 'ओलु' हे सगळे त्याचे नातलग. फिनिश आणि एस्टोनियन तर वेगळ्याच भाषाकुळातल्या, त्यांनी शेजाऱ्यांकडून उचलला. तिकडे कॉकेशस पर्वतात ओसेटियन भाषेत 'एलुतॉन' हे एका अद्भुत पेयाचं नाव आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या ताइतांवर आणि दगडांवर रून लिपीत 'अलु' ही अक्षरं वारंवार कोरलेली सापडतात, मंत्रासारखी. तो हाच शब्द आहे की वेगळा, यावर वाद आहे. त्याच्या मुळाशी 'कडू' असा अर्थ असावा असं काही जण म्हणतात आणि तुरटीच्या लॅटिन नावाशी तो जोडतात. मला हे जरा ओढूनताणून वाटतं.

बीअरबद्दल तर एकमत नाहीच. एक मत असं की तो 'जव' या अर्थाच्या जर्मानिक शब्दावरून आला. जुन्या इंग्रजीत जवाला 'बेओव' म्हणत, ते कानाला जवळ लागतं. दुसरं मत असं की मठांत बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमधल्या 'बिबेर' म्हणजे 'पेय' या शब्दावरून. हा शब्द 'बिबेरे' म्हणजे पिणे या क्रियापदाचा.

या दुसऱ्या मतावर मराठी माणसाने थांबायलाच हवं. लॅटिन 'बिबेरे' आणि संस्कृत 'पिबति' एकाच मुळाचे आहेत. दुसरं मत खरं असेल तर बीअर आणि आपलं 'पिणे' दूरची भावंडं ठरतात. ते सिद्ध झालेलं नाही. पण ज्यात शंका नाही असं एक उदाहरण देतो: चेक, रशियन, पोलिश या सगळ्या स्लाव भाषांत बीअरला 'पिवो' म्हणतात, आणि पिवो म्हणजे सरळ 'प्यायची गोष्ट'. 'पेय', 'पान', 'पिणे' आणि 'पिवो' एकाच घरातले. प्रागच्या खानावळीतली पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कुणी अर्थ सांगावा लागला नाही.

हिवाळीदिवे

मी कोपनहेगनला राहते, त्यामुळे रोजच्या वापरातला 'ओल' सांगते. इथे बीअर-एल असा भेदच नाही, सगळं ओल. पण मला या शब्दाचा खरा अर्थ कळला तो मुलगी झाली तेव्हा. इथे बाळंतपणाच्या रजेला 'बार्सेल' म्हणतात. कचेरीतल्या कागदांवर रोज तो शब्द लिहीत होते. एकदा सहज शब्दकोशात पाहिला तर त्याचं मूळ 'बार्न्स-ओल', म्हणजे बाळाची एल! मूल जन्मलं की शेजारणींना बोलवून जे खाणंपिणं होई, त्याचं ते नाव. तसंच दफनानंतरच्या जेवणाला 'ग्राव-ओल', थडग्याची एल.

म्हणजे ओल हा शब्द नुसता पेल्यातल्या पेयाचा नव्हता, त्या निमित्ताने जमलेल्या माणसांचाही होता. आपल्याकडे 'हळदीकुंकू' म्हटल्यावर हळद आणि कुंकू कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, बायका जमलेल्या दिसतात. तसंच.

जुनीपोथी

हिवाळीदिवे, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. इंग्रजीतही अगदी हेच. नवरीसंबंधीच्या वस्तूंना आज 'ब्रायडल' म्हणतात. तो शब्द मुळात 'ब्राइड-एल', नवरीची एल, म्हणजे लग्नाची मेजवानी. शेवटचा 'अल' नंतर प्रत्ययासारखा वाटू लागला आणि आतली एल विसरली गेली. देवळाच्या डागडुजीसाठी गावजेवण करून पैसे जमवायचे, त्याला 'चर्च-एल' म्हणत. बीअरला असा मान कधी मिळाला नाही. 'ब्राइड-बीअर' असा शब्द झालाच नाही.

मांडवीतीर

गोव्याहून थोडी भर. आमचे आजोबा बीअरला 'सेर्वेजा' म्हणत, पोर्तुगीज शब्द. स्पॅनिशमध्ये 'सेर्वेसा'. हे घराणं एलचंही नाही आणि बीअरचंही नाही. मूळ केल्टिक, तिथून लॅटिन 'सेर्वेसिया'. वेल्श भाषेतलं 'कुरु' याच घरातलं. सातूवाला ज्या यीस्टबद्दल बोलत होते त्याचं शास्त्रीय नाव 'साक्कारोमायसीस सेरेव्हिसिए', त्यातही हाच शब्द बसला आहे.

अवांतर: इराणी माणसं बीअरला 'आबजो' म्हणतात. 'आब' म्हणजे पाणी, पंजाबमधलं. 'जो' म्हणजे आपला जव. याहून स्वच्छ नाव मी पाहिलं नाही.

गोदाकाठ

एवढं सगळं आहे तर आपल्या परंपरेकडे वळायला काय हरकत आहे? सौत्रामणी यागात सुरा लागते. तिच्या सामग्रीत 'शष्प' आणि 'तोक्म' येतात: शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले जव. तोक्म म्हणजे माल्टच झालं की. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा अधिकारी आहे आणि 'मेदक' नावाच्या पेयाची कृती मापांसकट दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. आपण शास्त्राच्या पुस्तकात 'किण्वन' शिकतो ते याच किण्वावरून.

माझी सूचना: एलला 'सुरा' किंवा 'यवसुरा' म्हणा, बीअरला बीअर. शब्द आपला, अर्थही चपखल.

ओंजळ

गोदाकाठ, तोक्म आणि किण्वाची माहिती उत्तम. पण सूचनेशी मी असहमत आहे. 'सुरा' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इंद्राचा दरबार येतो. केंटमधली, हात राखेने माखलेली विधवा येत नाही. आणि त्या गावात एल ही लहान मुलंसुद्धा न्याहारीला पीत, पातळ काढलेली. सुरा शब्दाने ती एकदम व्यसन होऊन बसेल. 'जवाची दारू' म्हटलं तरी तेच.

रानजाई, आणखी एक. पहिल्या खर्ड्यात कुठे 'गाळणे' वापरलं असेल तर बदला. गाळतात ती हातभट्टीची, म्हणजे वाफ धरून थेंब थेंब काढलेली. एल गाळत नाहीत, आंबवतात. कोकणात किंवा देशावर आंबील कशी करतात हे वाचकाला माहीत असतं, ती क्रियापदं उसनी घ्या: भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, भरडणे, आंबवणे.

सातूवाला

माझी चूक कळली, आणि जुनीपोथींचे आभार. चवीबद्दल ताईंनी विचारलं होतं ते राहिलं. हॉप न घातलेली एल मी मुद्दाम एकदा केली. गोडसर, पिठूळ, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी चव. चौथ्या दिवशी आंबट. विधवेची एल साधारण तशीच लागत असेल.

गंमत पाहा, आज सगळ्यांत कडू पेय कोणतं म्हणून विचारलं तर लोक 'इंडिया पेल एल'चं नाव घेतील. नावात एल, आणि हॉप ठासून भरलेला! लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याची फिकट रंगाची एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायची. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे कारखानदारही त्यात उतरले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा प्रवास. त्यात टिकायला हॉप हवाच. ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली असं सांगतात ते खरं नाही. तशी एल आधीपासून होती, नाव नंतर पडलं. म्हणजे चारशे वर्षांत एल या शब्दाचा अर्थ पार उलटा झाला.

जुनीपोथी

बरोबर, आणि उलटा होताना मध्ये भांडणंही झाली. ॲन्ड्र्यू बूर्ड या वैद्याने १५४२ मध्ये लिहिलं की माल्ट, पाणी आणि यीस्टखेरीज एलमध्ये काहीही घालणारा ती भेसळ करतो, एल हे इंग्रजाचं स्वाभाविक पेय, बीअर डच माणसाचं, आणि हल्ली ती इंग्लंडात फार पितात, त्याने अनेकांचं नुकसान होतं. लंडनमध्ये एलवाल्यांची आणि बीअरवाल्यांची संघटना बराच काळ वेगळी होती. रानजाईताई, तुमच्या विधवेचं वाक्य शंभर वर्षांनंतरही शिकलेले लोक छापत होते.

आणि अमेरिकेत टेक्सास राज्यात तर अगदी २०११ मधल्या न्यायालयाच्या निकालापर्यंत एक नियम होता: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर बाटलीवर 'बीअर' लिहायचं नाही, 'एल' किंवा 'माल्ट लिकर' लिहायचं, मग आत लागर का असेना. हॉप नाही, यीस्ट नाही, नुसता कडकपणा. म्हणून कुणी 'एल म्हणजे काय' विचारलं की मी आधी विचारतो: कधीची आणि कुठली?

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा उघडा ठेवून काम केलं. ठरवलं ते सांगते.

'एल' तशीच ठेवते आहे. स्त्रीलिंगी. ती केली, ती आंबली, ती नासली. बीअरही बीअरच, पण पहिल्या दोन प्रकरणांत तो शब्द कुठेही येऊ देणार नाही, म्हणजे वाचकाला तो शेजाऱ्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकू येईल. तळटीप टाळते आहे. त्याऐवजी फ्लेमिश बाई परसात वेलाची फुलं वाळत घालते तो प्रसंग मुळात होताच, तो नीट उलगडून अनुवादला की फरक कळतो. 'गाळली' सात ठिकाणी होतं, सगळीकडे 'आंबवली' केलं. 'खांबा'ची काठी झाली.

ते वाक्य आता असं आहे: "मी डोळे मिटेपर्यंत या चुलीवर बीअर चढायची नाही." 'घरात'ऐवजी 'चुलीवर' हे जुनीपोथींमुळे सुचलं. मूळात घरच आहे, पण मला वाटतं लेखिकेला चूलच म्हणायची असावी.

एक अडचण उरली आहे. शेवटच्या प्रकरणात मुलीचं लग्न त्या शेजाऱ्यांच्याच मुलाशी ठरतं आणि आई 'ब्राइड-एल' बनवते. इंग्रजी वाचकाला त्यात 'ब्रायडल' ऐकू येतं. मराठीत ते कसं आणू?

हिवाळीदिवे

आणू नका. 'लग्नाची एल' लिहा आणि कुणाकुणाला बोलावलं ती नावं सगळी येऊ द्या. शेजाऱ्यांचं नाव त्यात कितवं येतं, ते मला वाचायचं आहे.

रानजाई

शेवटून दुसरं. शेवटचं तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, त्याच्या नावाने एक पेला भरून ठेवते.